पाच फुटांच्या पलीकडे

"मास्तर, काठी टाकत टाकत कुठं निघालात? जेवण इकडं आहे."

हिलारुसने हे विचारले तेव्हा माझी दहा फुटी काठी बाविसाव्यांदा जमिनीवर पडली होती आणि तिच्या पितळी टोकापासून शिवेचा दगड दोन फुटांवर उभा होता. मी उत्तर दिले नाही. मोजणी चालू असताना बोलणाऱ्या माणसाचा आकडा चुकतो, हे सैन्यात माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवले होते आणि लक्षात राहावे म्हणून पाठीवर एक छडीही दिली होती. उरलेले दोन फूट मी बोटांनी मोजले, आकडा मनात पक्का केला आणि मगच पाठ सरळ केली. एकाहत्तराव्या वर्षी पाठही एका दमात सरळ होत नाही.

हमरस्त्याच्या कडेच्या दगडापासून इथपर्यंत दोनशे बावीस फूट. एकतीस वर्षांपूर्वी हेच अंतर दोनशे चाळीस फूट होते. तेव्हाही मोजणारा मीच होतो.

"किती भरलं, काका?" वेत्तियाने विचारले. ती माझ्यामागे चार पावलांवर उभी होती. नवरा जाऊन चार महिने झाले होते, म्हणून अंगावर काळे वस्त्र. बाकी सगळे सणासाठी पांढऱ्या कपड्यांत आले होते.

"अठरा फूट कमी," मी म्हणालो. "दगड तुझ्या शेतात अठरा फूट आत आलाय."

तिने मान हलवली. दगड सरकला आहे हे तिला डोळ्यांनीच कळले होते. तिला फक्त आकडा हवा होता. दगड जागेवर होता तेव्हा झरा त्याच्या अलीकडे, तिच्या हद्दीत येत असे. आता झरा पलीकडे गेला होता आणि तिच्याकडे उरली होती ती कोरडी उतरण.

तिची जमीन म्हणजे एका बैलजोडीची आठ दिवसांची नांगरट, एवढीच. बापाला मुलगा नव्हता, म्हणून ती तिच्याकडे आली. नवरा औलुस हा घरजावई. पलीकडे पूर्वी पेदियस नावाचा म्हातारा गहू पिकवीत असे. नऊ वर्षांपूर्वी रोममधल्या लोल्लियस नावाच्या धनिकाने त्याची जमीन घेतली, लगतच्या आणखी सहा जणांच्या जमिनी घेतल्या, आणि तिथे पक्षी पिकवायला सुरुवात केली. जाळी लावलेल्या दोन लांबच लांब कोठ्या आणि त्यांत पाच हजार कस्तूर. अंजिराचे तुकडे आणि पिठाच्या गोळ्या खाऊन ते लठ्ठ होतात. कोठ्यांच्या खिडक्या मुद्दाम लहान ठेवतात, कारण बाहेरची झाडे दिसली की पक्षी झुरतो आणि झुरलेल्या पक्ष्याचे वजन भरत नाही. रोममध्ये कुणाची विजयाची मेजवानी निघाली की एका दिवसात अख्खी कोठी रिकामी होते. या पक्ष्यांना साचलेले पाणी चालत नाही; वाहतेच लागते. लोल्लियसकडे दोन विहिरी होत्या. वाहते पाणी वेत्तियाकडे होते.

लोल्लियसला मी नऊ वर्षांत दोनदा पाहिले. दोन्ही वेळा पालखीत. इथला सगळा कारभार हिलारुस पाहतो. त्या घरातच जन्मलेला गुलाम, वय चाळिशीच्या पुढे, हिशेबाला चोख, बोलायला गोड, आणि कुणाचे नाव कधीही न विसरणारा.

औलुस गेल्यावर वेत्तिया हिवाळा काढायला लेकीकडे गेली होती. शेताची राखण चुलतभाऊ कोस्सुतियसकडे सोपवली होती. त्याची जमीन तिच्या दुसऱ्या अंगाला आहे. तीन दिवसांपूर्वी ती परत आली, घागर घेऊन झऱ्यावर गेली आणि दगड पाहून तशीच माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी अकरा मैल पायी चालत ती रेआतेला माझ्या दारात आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, सणाला येता का? काठी घेऊन या."

सण शिवेच्या देवाचा. जुन्या वर्षाच्या अखेरीला दोन्ही बाजूंचे शेजारी दगडापाशी जमतात, आपापल्या बाजूने दगडाला माळ घालतात, कोकराचे रक्त शिंपडतात आणि तिथेच बसून एकत्र जेवतात. दोन्ही अंगांनी माळ पडली की दगड आहे तिथे दोघांना मान्य आहे, असा तिचा अर्थ. हे कायद्याच्या कुठल्या पत्र्यावर कोरलेले नाही. तरी आमच्या भागात शिवेचे भांडण कुणाही न्यायाधीशापुढे गेले तर त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: सणाला माळ घातली होती का?

आम्ही पोचण्यापूर्वीच हिलारुसने आपल्या बाजूची माळ घातली होती. भरगच्च, लोकरीच्या लाल धाग्यांनी बांधलेली. कोकरूही कापून झाले होते, दगडावर रक्त ओले होते आणि मांस भाजत होते. वेत्तियाची बाजू तेवढी मोकळी होती.

मी काठी झाडाला टेकवली आणि जमलेल्या दहा-बारा जणांकडे वळलो.

"मंडळी, हा दगड इथला नाही. तो तिकडं अठरा फुटांवर होता. मी स्वतः रोवला होता."

कोस्सुतियस ऑलिव्ह चघळत होता, त्याने बी हातावर काढली आणि त्या बीकडेच पाहत म्हणाला, "अरे नुमेरियस, वर्षाचा सण आहे. आधी बस, घसा ओला कर. दगड काय पळून चाललाय?"

"पळूनच आलाय. हिवाळाभर राखण तुझ्याकडं होती. कधी हलला?"

"दगड आपणहून हलतो होय? आमच्या घरात माझ्या बायकोला हलवायचं तर तीन हाका लागतात."

"मला कशाला मध्ये ओढता?" त्याची बायको मेस्सिया म्हणाली. "तिसरी हाक मारेपर्यंत तुम्हीच परत झोपलेले असता."

सगळे हसले. मी हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. एकाचे अंजीर लोल्लियसच्या कोठ्यांत जातात. एकाची सून कोठ्या झाडते. एकाला पक्ष्यांचे खत मिळते, आणि ते खत आमच्याकडे सोन्यासारखे मानतात. कोस्सुतियसचे अंजीर आणि बाजरी दोन्ही जातात. या सगळ्यांनी एकतीस वर्षे तो दगड जाता-येता पाहिला होता. त्याला टेकून न्याहारी केली होती. औलुसच्या तिरडीला खांदा दिलेली ही माणसे. ती आता भाजणाऱ्या मांसाकडे पाहत होती.

"तुमच्या आठवणीची मला गरज नाही," मी म्हणालो. "कुदळ द्या कुणीतरी."

ही गोष्ट मी फार ताठ्याने बोललो. आता लिहिताना तो ताठा मला खुपतो, पण बोललो ते खरे. आमच्या कामाचा एक गाभा आहे. दगड रोवण्यापूर्वी खड्ड्यात बळी जाळतात. राख, हाडे, कोळसा आणि फोडलेले मडके खाली राहते आणि त्यावर दगड बसतो. पुढे कुणी दगड सरकवला तरी खालचा कोळसा मूळ जागी सापडतो, आणि कोळसा शंभर वर्षांतही कुजत नाही. मडक्याचे मी नेहमी तीन तुकडे करीत असे आणि मधल्या तुकड्याचे तोंड उगवतीकडे ठेवीत असे. ती माझी सही. हा दगड रोवला त्या दिवशी खड्ड्याजवळ वेत्तियाचा बाप होता, पेदियस होता, आणि घरच्या चुलीतला विस्तव खापरावर घेऊन आलेली वीस वर्षांची वेत्तिया होती. "एवढं चांगलं मडकं फोडता कशाला?" असे तिने मला विचारले होते, आणि पेदियस म्हणाला होता, "पोरी, आम्ही दोघं मेल्यावर कुणी भांडू नये म्हणून."

दोनशे चाळीसाव्या फुटावर मी कुदळ मारली. माती भुसभुशीत निघाली. हातभर खाली गेलो, दोन हात गेलो. वेत्तिया हातांनी माती उपसत होती. राख नव्हती, हाडे नव्हती, मडके नव्हते. कोळशाचा एक तुकडा निघाला, हरभऱ्याएवढा.

"इथं धनगर चूल मांडतात, मास्तर," हिलारुस शांतपणे म्हणाला. तो खड्ड्याच्या काठावर हात मागे बांधून उभा होता. "आता दगडाखालीही बघून घ्या की. मनात शंका कशाला ठेवायची?"

"देवाच्या दिवशी देवाला उकरायचं?" मेस्सियाने विचारले.

"देव रागावणार नाही. मास्तरांना नीट दिसेल एवढंच उकरा."

त्याच्या आवाजात ना भीती होती ना घाई, आणि तिथेच मला सगळे कळायला हवे होते. तरी मी दगडाच्या पलीकडच्या कडेने खणत गेलो. हातभर खाली राख लागली. मग कोळसा. मग कोकराचे जळके हाड. आणि मग खापराचे तीन तुकडे, मधल्याचे तोंड उगवतीकडे.

मी खड्ड्यात गुडघ्यांवर बसून राहिलो. मडके तेच होते. त्याच्या कानाजवळची चीर मला ओळखू आली. दगडाबरोबर त्याच्या पोटातले सगळे उचलून आणले होते, एकही तुकडा न हरवता, आणि माझ्या पद्धतीने मांडले होते.

माझी पद्धत कुणाला माहीत होती? कुणालाही नाही, असे मी मरेपर्यंत सांगितले असते. पण गेल्या वर्षीचा सण माझ्यापुढे उभा राहिला. याच जागी, याच चटईवर हिलारुस माझ्या शेजारी बसला होता. प्याला रिकामा होऊ देत नव्हता. "मास्तर, तुमच्या विद्येसारखी विद्या नाही. दगडाखाली काय असतं हो नेमकं?" आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला माझ्या कामाबद्दल इतक्या आस्थेने विचारत होते. माझ्या मुलांनी विचारले नाही, बायकोने विचारले नाही. मी सांगितले. राख किती, मडके कसे फोडायचे, तोंड कुणीकडे, सगळे. बोटाने मातीत आकृती काढून दाखवली. औलुस समोर बसून कौतुकाने ऐकत होता.

"निघालं की सगळं," कोस्सुतियस मोठ्याने म्हणाला. "मास्तरांची सही म्हणे उगवतीला असते. ही काय उगवतीलाच आहे."

"झालं, जेवायला घ्या," दुसरा कुणीतरी म्हणाला.

मी ओरडून सांगितले असते की हा कोळसा हलवलेला आहे. पण कोळशाचे वय सांगता येत नाही. तो कुजत नाही म्हणून आम्ही तो पुरतो, आणि तो कुजत नाही म्हणूनच तो काल पुरला की एकतीस वर्षांपूर्वी, हे जगातला कुठलाही मोजणीदार सांगू शकत नाही. वेत्तियाच्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा मी दहा-बारा साक्षीदारांसमोर, स्वतःच्या कुदळीने, लोल्लियसच्या बाजूने उभा केला होता.

वेत्तियाने मला हात देऊन खड्ड्याबाहेर काढले.

"गेल्या वर्षी मीच सांगितलं त्याला," मी म्हणालो. "सगळं मीच सांगितलं."

ती माझ्या गुडघ्यांची माती झटकत म्हणाली, "औलुस घरी येऊन म्हणाला होता, आज काकांनी काय सुंदर समजावून सांगितलं."

हे वाक्य मला शिवीपेक्षा लागले.

लोक पानांवर बसत होते. मी हिलारुसला बाजूला घेतले, झऱ्याच्या काठावर. तिथे पाण्यात नवी दगडी पन्हळ बसवलेली दिसली. तिचे तोंड कोठ्यांकडे होते.

"मी रेआतेच्या न्यायासनापुढं उभा राहीन," मी म्हणालो. "शिवेचा निकाल मोजणीदार देतो. सरकारने नेमलेला मोजणीदार येईल, दगड रोवतानाचं माझं टिपण बघेल."

"शिवेचा निकाल मोजणीदार देतो, पाच फुटांच्या आत असेल तर," हिलारुस म्हणाला. "पाच फुटांच्या पलीकडं गेलं की ते शिवेचं भांडण राहत नाही, जागेचं होतं. आणि जागेचं भांडण वकील चालवतात. हेही तुम्हीच सांगितलंत, मास्तर. त्याच संध्याकाळी."

हा नियम खरा आहे. नांगराच्या फेऱ्यात पाच फूट इकडे-तिकडे होतातच, म्हणून तेवढ्यापुरते भांडण आमच्यासारख्या तंत्र जाणणाऱ्यांकडे सोपवले आहे. त्याहून जास्त असेल तर वकील लागतात, रोमहून आणलेले, आणि तारखा पडतात. म्हणजे हातभर जमीन चोरणाऱ्या शेतकऱ्याला माझ्यासारखा म्हातारा काठी घेऊन एका सकाळी वठणीवर आणू शकतो. अठरा फूट चोरणाऱ्याला हात लावता येत नाही. ज्याने हा नियम केला त्याने चोराला सल्लाच दिला होता, की बाबा रे, चोरायचेच असेल तर पोटभर चोर.

"तरी मी साक्ष देईन," मी म्हणालो. "माझ्या शब्दाला या भागात किंमत आहे."

"आहे. म्हणूनच सांगतो." त्याने मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणला. "मालकाच्या नकळत गुलामानं शिवेचा दगड हलवला तर त्याला काय शिक्षा, तुम्हाला माहीत आहे."

"मरण. मालकानं दंड भरून सोडवलं नाही तर."

"मालकांचं पत्र माझ्यापाशी आहे. दोन ओळी. 'पक्ष्यांना पाण्याची टंचाई पडता कामा नये. व्यवस्था कर.' दगडाचा शब्द नाही त्यात. झऱ्याचाही नाही. न्यायासनात मालक काय सांगतील? मला काही कल्पना नव्हती, हेच ना. ते खोटंही ठरणार नाही." तो हसला, पण चेहऱ्यावर काही उमटले नाही. "तुम्ही जिंकलात तर बाईंना झरा मिळेल, मालकांना नवा कारभारी मिळेल. गेल्या हंगामात एका कोठीत रोग शिरला, चारशे पक्षी मेले. तेव्हा मालकांनी लिहिलं होतं, पुन्हा असं झालं तर तुला खाणीत पाठवीन. आता तुम्हीच सांगा मास्तर, मी काय करायला हवं होतं?"

मी त्याला शिव्या द्यायला आलो होतो. शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या. पण त्या ज्याला द्यायच्या तो माणूस पन्नास-साठ मैलांवर रोममध्ये बसला होता आणि बहुधा त्या वेळी जेवत होता. चोरी यशस्वी झाली तर पाणी त्याचे. उघडी पडली तर मान हिलारुसची. दोन्ही दारे त्याच्याच घराची. मी आयुष्यभर जमिनीवर सरळ रेषा आखल्या आणि समजलो की कायदाही तसाच आखलेला असेल. तो आखलेला होताच, फक्त रेषा धरायला दुसरे कुणीतरी बसले होते.

मागे पाचोळा वाजला. वेत्तिया उभी होती. तिने किती ऐकले ते विचारायची गरज नव्हती.

"ह्याला मारतील?" तिने मला विचारले.

"आपण सिद्ध केलं तर."

"आणि नाही सिद्ध केलं?"

"तर तू माळ घालायची, झरा द्यायचा."

तिने पन्हळीकडे पाहिले, मग हिलारुसकडे. "तुला कुणी नाही होय रे दुसरं सांगणारं? माझ्याकडं यायचंस. पाणी मागायचंस. माझ्या बापानं पेदियसच्या बैलांना कधी नाही म्हटलं नव्हतं."

"मालक मागत नाहीत, बाई," हिलारुस म्हणाला. "मागितलं की दुसऱ्याचं आहे असं कबूल केल्यासारखं होतं."

आम्ही तिघेही दगडाकडे परत आलो.

तिथे कोस्सुतियस माळ हातात घेऊन उभा होता. माळ वेत्तियाच्या नावाची, पण हिलारुसच्या माळेसारखीच, त्याच लाल धाग्यांची. कुठून आली ते उघड होते.

"ये, वेत्तिये," तो म्हणाला. "घालून टाक. मांस गार होतंय."

"मी घालत नाही, दादा."

"मग मी घालतो. मी तुझा पालक आहे. कायद्यानं आहे."

होता. आमच्याकडे तीन अपत्ये झालेल्या बाईला पालक लागत नाही, ती स्वतःच्या जमिनीचे स्वतः पाहू शकते. वेत्तियाला दोन झाली. एक जगले. एका बाळंतपणाने तिची अक्कल कमी भरली, म्हणून तिचा शहाणपणा कायद्याने कोस्सुतियसच्या ताब्यात दिला होता, आणि कोस्सुतियसचा शहाणपणा अंजिराच्या टोपल्यांत होता.

"नुमेरियस, सांग हिला," तो मला म्हणाला. "पालकाची माळ चालते ना?"

"चालते," मी म्हणालो. मला खोटे बोलता आले नाही. त्या दिवशी खोटे बोललो असतो तर एक तरी काम उपयोगाचे केले असते.

कोस्सुतियस पुढे झाला. वेत्तिया त्याच्या आधी पोचली. ती दगडाला पाठ लावून उभी राहिली, अगदी चिकटून, टाचा दगडाला टेकवून. दगड तिच्या खांद्यापर्यंत येतो. तिच्या बाजूचा सगळा दगड तिच्यामागे झाकला गेला.

"बाजूला हो."

"नाही होत, दादा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. आत्तापर्यंत कुठं कुणी बघत होतं?"

"वेत्तिये, शहाणी असशील तर..."

"माळ घालायचीच असेल तर माझ्या गळ्यात घाला. दगडाला घालता येणार नाही."

कुणीतरी हसू दाबले. कोस्सुतियस लाल झाला. त्याने तिचा दंड धरायला हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. सुतकातल्या बाईला सणाच्या दिवशी हात लावला तर लावणाऱ्याचा सण बाटतो, वर्षभर त्याच्या घरच्या देवाला काही चालत नाही. त्याने मेस्सियाकडे पाहिले. मेस्सियाने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "घरात लग्न आहे."

"उभी राहू दे," कोस्सुतियस म्हणाला. "किती वेळ राहील? आपण जेवू."

माळ सूर्य मावळायच्या आत पडावी लागते. मावळल्यावर पडलेली माळ त्या वर्षाची धरत नाहीत. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते, आणि सूर्य अजून डोक्यावर होता.

ते जेवले. पहिल्यांदा मोठ्याने बोलत जेवले, मग हळू आवाजात. सणाची गाणी असतात, ती कुणी सुरू केली नाहीत. दुपारी डोंगरावरून गार वारा सुटला. वेत्तिया हलली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"काका, तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुमचं मोजून झालं."

तिने ते रागाने म्हटले नाही. तरी मी तिथून बाजूला झालो आणि समोर जमिनीवर बसलो.

अधूनमधून कोस्सुतियस माळ घेऊन एक फेरी मारून जाई. एकदा त्याने वरून, तिच्या डोक्याच्या मागून माळ सोडायचा प्रयत्न केला. तिने मान मागे टेकवली आणि माळ तिच्या डोक्यावरच अडकली. तिने ती काढून त्याच्या हातात परत दिली, घडी घातल्यासारखी नीट. पुढे मेस्सिया पाव घेऊन आली, वेत्तियापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवून गेली आणि जाताना पुटपुटली, "हट्टी बापाची हट्टी लेक." पण पाव होता, आणि त्यात मांस भरलेले होते. वेत्तियाने त्याला हात लावला नाही.

उन्हे कलली तशी माणसे एकेक करून उठली. जाताना कुणी तिच्याशी बोलले नाही. आपापल्या टोपल्या उचलल्या, मुलांना हाका मारल्या आणि बांधाबांधाने गेले. अंजीरवाला जाताना माझ्याजवळ थांबला, काही बोलणार असे वाटले, मग म्हणाला, "मास्तर, परतीची वाट अंधारात नका चालू," आणि गेला. शेवटी कोस्सुतियस, माळ हातात लोंबकळत. त्याने माळ कुठे टाकली ते मी पाहिले नाही.

सूर्य डोंगराआड गेला. हिलारुस, वेत्तिया आणि मी, एवढेच उरलो.

वेत्तियाने दगडापासून पाठ सोडवली. कोकराचे रक्त तिच्या वस्त्रावर वाळून कडक झाले होते. काळ्यावर ते दिसत नव्हते, पण ती चालू लागली तेव्हा कापड पाठीमागे वाळल्या कातड्यासारखे उभे राहिले. पाय अवघडले होते. दोन पावले ती दगडाला धरून चालली, मग हात सोडला. शीव या वर्षी ठरली नव्हती. एवढेच झाले होते. पुढच्या वर्षी पुन्हा माळ येईल, पुन्हा पालक येईल, आणि तिचे वय एकावन्नावरून बावन्न होईल.

तिने झाडाखाली ठेवलेली घागर उचलली आणि झऱ्याकडे निघाली. हिलारुस वाटेत उभा होता. तो क्षणभर तसाच राहिला, मग बाजूला झाला आणि कोठ्यांकडे तोंड करून उभा राहिला. कोठ्यांतून पक्ष्यांचा आवाज येत होता.

ती वाकली. नवी पन्हळ बहुतेक पाणी पलीकडे नेत होती. पन्हळीच्या कडेने करंगळीएवढी धार पडत होती, तेवढीच. तिने घागर त्या धारेखाली धरली. एवढ्या धारेने घागर भरायला फार वेळ लागतो. ती भरेपर्यंत वाकून थांबली.